हेडसेट घालून खोलीची आखणी कशी करायची (पंचवटीतल्या वाड्यात करून बघितलेलं)

मावशीचा नाशिकला पंचवटीत जुना वाडा आहे. खालचं माजघर कित्येक वर्षं नुसतं अडगळ टाकायला, आणि यंदा तिच्या डोक्यात आलं की इथे एमपीएससीच्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची. मग रोज नवीन प्रश्न, टेबलं आठ बसतील का दहा, कपाट खांबाच्या अलीकडे का पलीकडे, दार कुठल्या बाजूला उघडायचं. कागदावर काढून दिलं तर म्हणे, "मला त्या रेघांमधलं काही कळत नाही रे, खोलीत उभं करून दाखव." म्हटलं बरं, उभंच करून दाखवतो. मित्राचा क्वेस्ट ३ (डोळ्यांवर चढवायचा मेटाचा हेडसेट) मागून आणला, दोन रविवार घालवले, त्यात जे जमलं आणि जे फसलं ते लिहितोय. तुमचा गंगापूर रोडचा गाळा असो नाहीतर पाथर्डी फाट्यावरचा वन बीएचके, पद्धत तीच.

व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) समोरचं जग झाकलं जातं, मिक्स्ड रिअ‍ॅलिटीत तुमची खरी खोली कॅमेऱ्यातून दिसत राहते आणि तिच्यात तुम्ही काढलेलं टेबल येऊन उभं राहतं. बांधकामावर मिस्त्री जमिनीवर फक्कीने लाईनआउट मारतो ना, तसंच समजा, फक्त इथे फक्कीच्या रेघा कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत उभ्या राहतात. म्हणूनच याचा उपयोग कशाला ते आधीच ठरवून घ्या. अंगाला जागा पुरते का, खुर्ची मागे सरकते का, दार उघडलं की कुणाच्या पाठीला लागतं का, हे बघायला. फळी कापायचं माप घ्यायला नाही. हे मी शिकलो ते पैसे घालवून, स्वतःच्या घरातलं कपाट फोनच्या मापावर करायला दिलं होतं आणि ते दीड इंच मोठं निघालं, सुताराची चूक नव्हती, माझीच.

सामान काय लागतं? हेडसेट विकत घेऊ नका, एका खोलीसाठी तर अजिबातच नाही, कुणाकडून दोन दिवस आणा. क्वेस्ट ३ किंवा ३एस चालतो, दोन्हींत पासथ्रू, म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणारी खरी खोली, रंगीत आहे. कुणी जुना होलोलेन्स (मायक्रोसॉफ्टचा असाच हेडसेट) स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, होलोलेन्स २ चं उत्पादन कंपनीने २०२४ मध्ये बंद केलंय. खोली फोनने स्कॅन करायला आयफोन प्रो असेल तर उत्तम कारण १२ प्रो पासून त्यात लायडार (किरण सोडून अंतर मोजणारा सेन्सर) आहे, साध्या अँड्रॉइडवरही एआर (फोनच्या पडद्यावर खऱ्या खोलीत खोट्या वस्तू दाखवणं) चालतं पण माप जास्त हलतं. आणि टेप, खडू, मास्किंग टेप, एक खरी खुर्ची. खुर्ची विसरू नका, तिचं काम पुढे आहे.

पहिलं काम टेपचं. दोन लांब्या, दोन रुंद्या आणि दोन्ही कर्ण, एवढी सहा मापं हाताने घ्याच, नव्या फ्लॅटमध्येसुद्धा. आमचं माजघर १२ बाय १६, म्हणजे काटकोनात असतं तर दोन्ही कर्ण बरोबर २० फूट यायला हवे होते (तेच शाळेतलं ३-४-५). आले १९ फूट ९ इंच आणि २० फूट ३ इंच. म्हणजे खोली तिरकी, पतंगाला ताण दिल्यासारखी. आता गंमत अशी की स्कॅनची बरीच अ‍ॅप्स भिंती सरळ धरून चालतात, त्यामुळे स्क्रीनवर खोली गोंडस चौकोनी दिसते आणि कोपऱ्यात बसवायचं कपाट नंतर फट सोडतं. कर्ण घेतले नसते तर हे कळलंच नसतं.

मग खोली तयार करा. हे कंटाळवाणं आहे पण निम्मं यश इथेच आहे. फोन आणि हेडसेट दोघंही कॅमेऱ्याने आजूबाजूच्या खुणा ओळखून आपण कुठे आहोत ते ठरवतात, त्यामुळे अंधार आणि कोरी पांढरी भिंत हे दोन मोठे वैरी. माजघरात दुपारी बारालाही दिवा लागतो, आम्ही गणपतीच्या डेकोरेशनचे दोन फोकस आणून लावले. कोऱ्या भिंतीवर मास्किंग टेपच्या वाकड्यातिकड्या पट्ट्या, वर्तमानपत्राचं पान, काहीही चिकटवा. आरसा आणि काच चादरीने झाका, लायडारचा किरण काचेतून आरपार जातो नाहीतर आरशातून परततो आणि खोलीला नसलेली अजून एक खोली फुटते. मावशीच्या गोदरेजच्या कपाटाला आरसा होता, पहिल्या स्कॅनमध्ये तिथे भुयार दिसत होतं!

स्कॅनला पॉलिकॅम किंवा मॅजिकप्लॅन घ्या. हळू चाला, फोन छातीशी धरून, आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबा म्हणजे साठत गेलेली चूक सुधारायला अ‍ॅपला संधी मिळते. झालं की स्कॅनमधली एक लांबी तुमच्या टेपच्या मापाशी ताडून बघा. लायडार असला तरी दोनेक सेंटीमीटर इकडेतिकडे होतातच, आणि सुताराच्या भाषेत दोन सेंटीमीटर म्हणजे सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्याला सहा सूत सांगितलं तर तो तुमच्याकडे बघेल कसा ते कल्पना करा.

आता हेडसेट. आधी बाउंड्री, म्हणजे हेडसेट घालून फिरायची हद्द, आखा, आणि जुन्या घरात ती उंबऱ्याच्या चांगली आत ठेवा. पासथ्रूमध्ये दिसतं सगळं, पण जवळच्या वस्तू किंचित वाकतात आणि उंबरा जिथे दिसतो तिथे पाय लागेलच असं नाही. माजघराचं दार ठेंगणं, मी हेडसेटसकट चौकटीवर डोकं आपटलंय. दुसरं म्हणजे हेडसेट वाड्याच्या चौकात उन्हात नेऊ नका, लेन्समधून ऊन आत गेलं की भिंगाने कागद जाळतो तसा आतला डिस्प्ले जळतो, उतरवून ठेवतानासुद्धा लेन्स खाली करून ठेवा. मग हेडसेटमधल्या स्पेस सेटअपने त्याला भिंती ओळखू द्या.

हेडसेटमध्ये रेखाटायला ग्रॅव्हिटी स्केच किंवा शेप्सएक्सआर ही अ‍ॅप्स, भिंती-बिंती मापात काढायच्या तर आर्किओ. ओपन ब्रश फुकट आहे, गूगलचं टिल्ट ब्रश २०२१ मध्ये ओपन सोर्स झालं त्यातून आलेलं, पण ते चित्र काढायला मस्त, मापाला नाही. सुरुवातीला सुंदर टेबल काढायच्या नादाला लागू नका, नुसते खोके काढा. आम्ही टेबलासाठी ३ फूट बाय २ फूट, उंची ३० इंच असा एक खोका केला आणि त्याच्याच कॉप्या मारल्या. ड्रॉइंग खोलीला बांधायला एक कोपरा पक्का धरा, तिथे जमिनीवर खडूने फुली मारा, आणि दुसरी फुली लांबच्या खांबापाशी. हेडसेट काढून पुन्हा घातला की दोन्ही फुल्यांवर चित्र बसतंय का बघा, एकच फुली जुळली तर चित्र फिरलेलं असू शकतं आणि ते लगेच लक्षात येत नाही.

आणि मग ती खुर्ची. खरी खुर्ची खोट्या टेबलाशी लावा आणि बसा. उठा. खुर्ची मागे ढकला. कागदावर दहा टेबलं व्यवस्थित बसत होती, पण मागच्या रांगेतल्या पोराला उठायचं तर पुढच्याला पोट आत घ्यावं लागत होतं. आठवर आलो. मावशीला हेडसेट घातला तर ती पाच मिनिटं नुसती कोनाड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "इथे कपाट नको, दिवा लावायची जागा आहे ती." हे माझ्या कुठल्याच नकाशात नव्हतं. ज्यांना तिथे वावरायचंय त्यांना घालायला द्याच, आणि ते बोलतील ते तिथल्या तिथे खोका हलवून करून दाखवा, नंतर करतो म्हणू नका. बॅटरी साधारण दोन तास पुरते, पॉवर बँक लावून ठेवा.

हेडसेट मिळालाच नाही तर वर्तमानपत्रं टेबलाच्या मापात कापून जमिनीवर अंथरा, नाहीतर रांगोळीने चौकोन काढा, आणि फोनच्या एआरमध्ये उंची बघा. सत्तर टक्के काम होतं, खोटं नाही सांगत.

शेवटी सुताराकडे जाताना स्क्रीनशॉट दाखवा पण मापं त्यावरून देऊ नका. अ‍ॅप बहुधा मीटरमध्ये बोलतं, तो फूट, इंच आणि सुतात. आम्ही काय केलं, हेडसेटमध्ये ठरलेल्या प्रत्येक खोक्याचे कोपरे जमिनीवर खडूने मारले, हेडसेट काढून ठेवला आणि सुतारालाच टेप लावायला सांगितला, भिंतीपासूनचं माप खाली, मधे आणि वर असं तीनदा, कारण वाड्याची भिंत वर जाताना आत झुकलेली. मधल्या एका ठिकाणी पाऊण इंचाचा फरक निघाला. तो म्हणाला, "भाऊ, इथे मागे पट्टी मारावी लागंल," आणि खडूच्या रेघेशेजारी स्वतःच्या पेन्सिलीने दुसरी रेघ मारली. कपाट त्याच रेघेवर बसलंय.