खिडकीतल्या कोथिंबिरीला पाणी खालून द्या

घरात लावलेली कोथिंबीर बोटभर वाढते आणि मुळाशी मऊ पडून आडवी होते. बहुतेक वेळा कारण एकच, वरून घातलेलं जादा पाणी.

धणे लाटण्याने हलकेच रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवून पेरा. वर अर्धा इंच माती पुरे. कुंडीला तळाशी भोकं हवीतच.

रोपं वर आली की कुंडी पाण्याच्या ताटलीत 20 मिनिटं ठेवा. वरची माती ओलसर दिसली की उचला. पुढचं पाणी बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं तरच! मी तर कुंडी उचलूनच ओळखते, सुकलेली लगेच हलकी लागते.

ताटलीत उरलेलं पाणी मात्र ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात.