पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनचं काम काढताय? या चुका टाळा

वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी धुळ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढून पूर्ण खोलली तेव्हा वाटलं होतं, अवघड काम खोलण्याचंच. ते दोन दिवसांत उरकलं. जोडलेलं मात्र चार महिन्यांत परत खोलावं लागलं. माल चांगला होता, गाडीही बरी होती. नट आवळताना गाडी जॅकवर होती, एवढंच चुकलं.

पद्मिनीला, म्हणजे मूळच्या फियाट ११०० ला, पुढे दोन्ही बाजूंना वर-खाली आर्म (चाकाला धरणारे हात) आणि मधे कॉइल स्प्रिंग. आर्मच्या मुळाशी रबरी बुश. हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी नटाने जखडलेली असते आणि आर्म हलला की रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना नट आवळला, तर रबर त्याच जागेला आपली जागा मानतं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं. माझी गाडी आधी पुढून जरा उंच दिसायची आणि मी खूश, स्प्रिंगा नव्यासारख्या झाल्या म्हणून! पावसाळा सरता सरता आर्मवर रबराचा काळा चुरा दिसायला लागला. तेव्हा नट आधी हातानेच लावा. चाकं चढवा, गाडी उतरवा, बॉनेटवर चार वेळा दाबा, पुढे-मागे ढकला आणि मगच पाना लावा. खाली शिरायला जागा नसेल तर चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या टाका.

अलाइनमेंटची घाई

स्टिअरिंग थरथरलं की लोक थेट अलाइनमेंटला पळतात. सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. आधी चाक उचला, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड वाटली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही राहिली तर बहुतेक किंग पिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती खुंटी, आणि आर्मचे बुशही बघून घ्या. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर आवाज आला तर टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा), आयडलर (त्या जोडणीचा दुसऱ्या बाजूचा आधार), नाहीतर स्टिअरिंग बॉक्स.

किंग पिनमध्ये भलेभले फसतात. नवा बुश प्रेसने बसवला की आतून किंचित आवळतो आणि पिन जात नाही. मग कुणी एमरी पेपरने घासतं, कुणी पिनच ठोकून घालतं. ठोकलेल्या पिनवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मी दोन्ही स्टब, म्हणजे किंग पिन ज्यात बसते ते चाकाचे भाग, लेथवाल्या बाबांकडे नेले. मी घाईत होतो, ते बघून बाबा म्हणाले, “घाई कसाले करस भाऊ? आधी माप ले.” त्यांनी वरच्या-खालच्या दोन्ही बुशांतून एकच लांब रीमर (भोक मापात कातणारं हत्यार) फिरवला, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी बसते. शेवटी तेल लावलेली पिन अंगठ्याच्या दाबाने सरकली पाहिजे. बुश बसवताना त्याचं भोक ग्रीस निप्पलच्या भोकासमोर येतंय ना, ते तारेने तपासा. माझ्या डाव्या बाजूचं आलं नव्हतं. ग्रीस गन मारली की सगळं ग्रीस निप्पलच्या कडेनेच बाहेर, आत थेंब नाही. वर-खालचा खेळ शिमने (पातळ चकत्यांनी) काढा.

स्प्रिंग काढताना दोरी, साखळी, जॅक असला जुगाड नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड फोडते. स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणा. अँबेसिडरवाल्यांची यातून सुटका, तिला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार (पिळले जाणारे दांडे) असतात; पण डावा-उजवा बार खूण करून ठेवा, अदलाबदल चालत नाही.

बॉक्सचा स्क्रू

स्टिअरिंगला खेळ दिसला की बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. खेळ बऱ्याचदा टाय रॉडच्या बॉलमध्ये असतो. बॉक्स झिजतो तो मधोमध, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून स्क्रू लावायचा तो स्टिअरिंग सरळ ठेवून. पूर्ण वळवून लावला तर सरळ जाताना बॉक्स अडकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. बॉक्समध्ये ग्रीस कोंबू नका, नव्वद नंबरचं गिअर ऑइल टाका. आतला वर्म (मळसूत्री दांडा) ग्रीस एकदा बाजूला सारतो, ते परत येत नाही. तेल गळतंय म्हणून ग्रीस भरणाऱ्यांनी सील बदलावं, स्वस्त पडतं.

नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन दरवेळी नवीन घाला. टाय रॉडच्या नटाचं भोक जुळेना म्हणून तो ढिला करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा. स्टिअरिंग व्हील वाकडं बसलं तर ते उपटून सरळ लावण्यापेक्षा दोन्ही टाय रॉड सारख्याच मापाने फिरवा, म्हणजे बॉक्स मध्यावर राहतो.

शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली ठेवणं. अलाइनमेंटवाल्याच्या संगणकावर आपल्या गाडीचं नाव बहुधा नसतं आणि तिथला मुलगा भलत्याच गाडीचं माप लावतो. जुन्या मॅन्युअलमधलं पान सोबत न्या. ते आकडे मात्र जुन्या नायलॉन टायरचे. रेडियल टाकले असतील तर टो-इन थोडा कमी ठेवलेला बरा. मी पारोळा रोडला काम करून घेतलं, मग लळिंग घाट चढून-उतरून आलो. घरी येऊन प्रत्येक नटाला पाना लावला, तर उजव्या खालच्या आर्मचा नट पाव फेरा सरकला.