मळ्यातल्या कुत्र्याची जागा ऋतू बदलला की बदला

जुन्नरकडं आमचा मळा आहे, चारी बाजूंनी ऊस. आमचा मोती वर्षाचे बारा महिने गोठ्याच्या एकाच कोपऱ्याला साखळीला असायचा. ऊसतोड सुरू झाली त्याच आठवड्यात रात्री बिबट्याने नेला त्याला, सकाळी साखळी आणि तुटका पट्टा तेवढा सापडला. साखळी नसती तर निदान पळाला तरी असता, हे अजून मनातून जात नाही.

म्हणून पहिलं तेच सांगतो. बिबट्या उसातच राहतो, पिल्लं पण उसातच घालतो, आणि तोड चालू झाली की त्याचा आडोसा जातो मग तो वस्तीजवळ फिरायला लागतो. त्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. अंधार पडायच्या आत कुत्रं आत घ्या, घरात नको असेल तर वरून पण जाळी असलेला पिंजरा करा, नुसतं कुंपण असेल तर बिबट्या उडी मारून आत येतो. खिळ्यांचा पट्टा घालतात बरेच जण, त्याने मान वाचू शकते पण त्याच्या भरवशावर उघड्यावर बांधू नका.

रात्रीची ही बंद जागा उन्हाळ्यात दिवसा उलटी पडते. पत्र्याखाली दुपारी भट्टी होते, त्यापेक्षा आंबा, लिंब कुठल्यापण झाडाखाली बांधा, आणि सावली सरकते हे लक्षात ठेवा, सकाळी सावलीत बांधलेलं कुत्रं दोनला उन्हात असतं. पाणी मातीच्या नायतर सिमेंटच्या भांड्यात, दिवसातून दोन-तीनदा बदलून. खूप धापतंय, लाळ गळतेय, झोकांड्या जातायत असं दिसलं तर ऊन लागलंय, लगेच सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडं न्या.

पावसाळ्यात जागा उंच पायजे, खाली फळी नायतर पॅलेट टाका. सरपणाचा ढीग आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, कारण तिथं उंदीर आणि उंदरामागं साप. घोणस, नाग चावला तर चिरा देणं, पाला खाऊ घालणं यात वेळ घालवू नका, सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुत्र्यालाही देतात, पण डॉक्टरकडं आहे का ते फोन करून विचारा आणि निघा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, वर्षाच्या लशीत तो आहे का विचारून घ्या, आणि रेबीजची तर कधीच चुकवू नका.

गोचीड. कान, बोटांच्या मधे, शेपटीखाली रोज बघा. गोचीड तापाने कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, आणि आपण म्हणतो उन्हाने झालं असेल. रॉकेल चोळू नका. गाईंचं गोचीडाचं औषध अंदाजाने लावणं तर फारच वाईट, कुत्र्याचं वजन सांगून डॉक्टरकडून गोळी आणा. फवारणीची औषधं, थिमेटसारखी कीटकनाशकं, उंदराचं औषध कुलपात ठेवा, फवारलेल्या वावरात त्या दिवशी सोडू नका. आणि ताप आला म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका, कुत्र्याला ती विषारी होऊ शकते, मांजराचा तर अर्धी गोळी पण जीव घेऊ शकते.

दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत फिरवून, जेवू घालून आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून. आणि पट्ट्यावर मार्करने तुमचा फोन नंबर लिहा, घाबरलेलं कुत्रं लांब जातं आणि परतीची वाट त्याला सापडत नाही.