अमेरिकेतील हायस्कूलचे सेवा-क्लब: नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी

भारतातून येऊन अमेरिकेतील हायस्कूलमध्ये नववी-दहावीत दाखल झालेल्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाशी काही महिन्यांत जुळवून घेता येते. शेवटची घंटा झाल्यावर तिथे जी दुसरी शाळा भरते, तिची रीत मात्र त्याला कोणी सांगत नाही. वर्षाच्या सुरुवातीला क्लब फेअर भरते, टेबले मांडली जातात, प्रत्येक टेबलामागचा विद्यार्थी आपल्या क्लबचे गोडवे गातो, आणि नवखा मुलगा दिसेल त्या यादीत नाव व ईमेल लिहून मोकळा होतो. घरी याविषयी दोन टोकांची मते असतात. अभ्यास सोडून हे उद्योग कशाला, हे एक. आणि कॉलेजच्या अर्जात दाखवायला जितके क्लब तितके बरे, हे दुसरे. मी हायस्कूलमध्ये असताना एका सेवा-क्लबचा, म्हणजे समाजसेवेची कामे करणाऱ्या विद्यार्थी-मंडळाचा सभासद, पुढे चिटणीस आणि अखेरीस खजिनदार होतो, आणि त्या अनुभवावरून मला ही दोन्ही मते सारखीच अपुरी वाटतात. माझा सल्ला असा, की एकच सेवा-क्लब निवडावा, त्यात टिकून राहावे आणि शक्य तितक्या लवकर त्याचे कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे.

निवड करण्यापूर्वी क्लबच्या पाठीशी कोण उभे आहे, ते पाहावे. गावोगावी रोटरी आणि लायन्सची शिबिरे पाहिलेल्या मराठी कुटुंबांना हे समजणे सोपे जाईल. लायन्सचा लिओ क्लब पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅबिंग्टन हायस्कूलमध्ये १९५७ साली निघाला, तर रोटरीचा इंटरॅक्ट क्लब फ्लोरिडातील मेलबर्न हायस्कूलमध्ये १९६२ साली. या दोहोंपेक्षा जुना की क्लब हा किवानिस या रोटरी-लायन्ससारख्याच सेवासंस्थेचा. तो १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो हायस्कूलमध्ये सुरू झाला. मातृसंस्था असली की गावातील प्रौढ सभासदांची ओळख, तयार उपक्रम आणि शाळेबाहेरच्या परिषदा मिळतात. त्याबरोबर वर्गणी आणि ठरलेले नियमही येतात. इंटरॅक्ट क्लबने वर्षातून किमान दोन उपक्रम करावेत, एक आपल्या शाळेसाठी वा परिसरासाठी आणि एक आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी, अशी अपेक्षा असते. वर्गणी परवडण्यासारखी नसेल तर मार्गदर्शक शिक्षकांना एकांतात भेटून तसे सांगावे. यात संकोचण्यासारखे काही नाही, अशी विनंती त्यांना नवीन नसते.

नॅशनल ऑनर सोसायटीला अनेक पालक याच मालिकेतला एक क्लब समजतात. १९२१ साली स्थापन झालेल्या या संस्थेत नाव नोंदवून शिरता येत नाही. गुण, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य या चार निकषांवर शाळेतील शिक्षकांची समिती दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांमधून सभासद निवडते. नववीत तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

स्वतःचा क्लब काढण्याचा मार्गही खुला असतो. १९८४ च्या इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्टनुसार, केंद्रीय निधी घेणाऱ्या सार्वजनिक माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी विद्यार्थी-क्लबला शाळेत जमू दिले, तर इतर क्लबांना केवळ त्यांच्या धार्मिक, राजकीय वा वैचारिक भूमिकेमुळे ती मुभा नाकारता येत नाही. तरीही अकरावीत घाईघाईने नवा क्लब काढून स्वतःला अध्यक्ष म्हणवून घेण्याची जी लाट दरवर्षी येते, तिच्यापासून दूर राहावे असे मी सांगेन. असे बहुतेक क्लब संस्थापक हायस्कूल उत्तीर्ण होऊन गेला की त्याच्यामागोमाग बंद पडतात.

आता सेवेच्या तासांविषयी. काही ठिकाणी सेवा ही हायस्कूल उत्तीर्ण होण्याचीच अट असते. मेरिलँड राज्यात सार्वजनिक शाळेतून उत्तीर्ण होण्यासाठी साधारणपणे ७५ तासांचे सेवाधारित शिक्षण पूर्ण करावे लागते. अन्यत्र क्लब आपापला आकडा ठरवतात. तासांचा तक्ता त्याच दिवशी भरून घ्यावा, आणि त्यावर जिथे काम केले तेथील जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी. महिन्याभराने सही मागायला गेलेल्या मुलाला तिथे कोणी ओळखत नाही. प्रवासाचा वेळ आणि घरच्यांसाठी केलेले काम सहसा धरले जात नाही. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांच्या सहीचा संमतिपत्राचा कागद लागतो आणि काही संस्थांना किमान वयाची अट असते, म्हणून ही चौकशी आदल्या आठवड्यातच करावी. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर आलेल्या मुलांना पगारी नोकरी करता येत नाही, त्यामुळे काही पालक सेवेलाही बिचकतात. क्लबची विनामोबदला स्वयंसेवा म्हणजे नोकरी नव्हे.

सेवा म्हणजे काय, हे मला फूड बँकेत, म्हणजे गरजूंसाठी दानाचे अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेत समजले. देणगीदाखल आलेले खाद्यपदार्थांचे हवाबंद डबे मोठ्या पेट्यांतून ओतले जातात, आणि विद्यार्थ्यांनी ते निवडायचे असतात. डब्याच्या मधोमध पोचा असेल तर तो चालतो. पण पोचा जोडावर किंवा काठावर असेल, डबा फुगलेला असेल किंवा गंज आत उतरलेला असेल, तर तो फेकून द्यायचा. तारीख उलटून गेलेले बरेचसे कोरडे पदार्थ त्या फूड बँकेच्या नियमाने ठेवता येत. तान्ह्या बाळांचे फॉर्म्युला दूध मात्र तारखेनंतर कोणत्याही परिस्थितीत देता येत नाही. तासभर असे हात चालवल्यावर लक्षात येते, की लोक स्वतःला नको असलेले पदार्थ किती सहजपणे दान करतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट तेथील व्यवस्थापिकेने आम्हाला सांगितली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सणासुदीमुळे स्वयंसेवकांची रीघ लागते आणि काही शाळांच्या गटांना परत पाठवावे लागते. खरी चणचण फेब्रुवारीत आणि उन्हाळ्यात असते; उन्हाळ्यात तर सुट्टीमुळे मुलांचे शाळेतील जेवण बंद होते आणि घराघरांतली मागणी वाढते. त्यानंतर आमच्या क्लबने थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणाचा उपक्रम सोडून दिला आणि फेब्रुवारीचे शनिवार मागून घेतले. छायाचित्रे तितकी छान आली नाहीत, सभासदही कमी जमले, पण निवडलेल्या मालाच्या पेट्या त्याच दिवशी बाहेर जाताना दिसल्या. कोणताही उपक्रम ठरवण्याआधी, ज्यांच्यासाठी तो करायचा त्यांना फोन करून ‘तुम्हाला काय हवे आहे आणि केव्हा’ एवढे विचारण्याची सवय ज्या क्लबला आहे, तो क्लब निवडावा.

चिटणीसपदासाठी सहसा चुरस नसते. सगळ्यांना अध्यक्ष व्हायचे असते. नवख्याने म्हणूनच ते मागावे. १८७६ साली छापल्या गेलेल्या रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर या सभाशास्त्राच्या नियमांची सुटसुटीत आवृत्ती बऱ्याच क्लबांच्या बैठकांत वापरली जाते: एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग चर्चा, मग मतदान. वर्गात हात वर करायला घाबरणाऱ्या मुलाला या साच्याचा मोठा आधार होतो, कारण कधी बोलायचे आणि कोणत्या शब्दांत, हे ठरलेले असते. इतिवृत्त लिहिणाऱ्याला तर प्रत्येकाला थांबवून ‘ठराव पुन्हा एकदा सांगाल का’ असे विचारावेच लागते, आणि त्या निमित्ताने माझे उच्चार व माझी भीड दोन्ही सुधारले.

खजिनदाराचे काम अधिक जोखमीचे. क्लबचा पैसा हा शाळेच्या खात्यातला पैसा असतो. तो घरी नेता येत नाही, स्वतःच्या फोनवरील अ‍ॅपवर घेता येत नाही, आणि आमच्याकडे रोकड दोघांनी मोजून, दोघांच्या सह्यांनिशी त्याच दिवशी कार्यालयात भरावी लागे. बेक सेल, म्हणजे केक-बिस्किटे विकून निधी जमवणे, अशा साध्या उपक्रमालाही कायद्याची चौकट आहे: २०१४ पासून लागू झालेल्या केंद्रीय पोषण-नियमांनुसार शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांना विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांवर मध्यरात्रीपासून शाळा सुटल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत निर्बंध असतात, आणि राज्यांनी दिलेल्या मोजक्या सवलती सोडल्या तर केकचे टेबल त्या अर्ध्या तासानंतरच मांडता येते. हे ठाऊक नसल्याने विक्री ऐन वेळी रद्द झालेले क्लब मी पाहिले आहेत.

कॉलेजच्या अर्जाची चिंता करणाऱ्या पालकांसाठी एवढेच सांगतो, की कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, उपक्रमांसाठी जास्तीत जास्त दहा रकाने असतात, आणि प्रत्येकाचे वर्णन १५० अक्षरांत बसवावे लागते. शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे वेगळे विचारले जातात. ज्या क्लबच्या दोनच बैठकांना हजेरी लावली, त्याच्याविषयी तिथे लिहिण्यासारखे काही उरत नाही. ‘फेब्रुवारीतील शनिवारांचे वेळापत्रक लावले, क्लबचे हिशेब सांभाळले’ हे मात्र त्या जागेत नीट मावते.

पदाधिकाऱ्यांची निवडणूक बहुधा वसंत ऋतूत होते, तेव्हा उमेदवारीची शेवटची तारीख मार्चमध्येच विचारून ठेवावी. उन्हाळ्यात केलेले तास सरत्या वर्षात धरायचे की येणाऱ्या, याचे उत्तर प्रत्येक क्लबचे निराळे असते. ते सुट्टी लागण्यापूर्वी मार्गदर्शक शिक्षकांकडून ईमेलवर लेखी घ्यावे.