समुद्रतळाखाली गाडलेली नदी कशी ओळखावी?

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. मुंबई-कोकणासमोरची समुद्रबूड जमीन तेव्हा बरीचशी उघडी होती, नद्या तिच्यावरून वाहत होत्या. पाणी पुन्हा चढलं आणि ती पात्रं गाळाखाली गेली. सब-बॉटम प्रोफाइलर, म्हणजे जहाजावरून ध्वनी सोडून तळाखालच्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी टिपणारं उपकरण, त्याच्या नोंदीत ती सापडतात.

नोंदीची उभी बाजू खोलीची नसते, ध्वनीला जाऊन यायला लागलेल्या वेळेची असते. वेळेला वेगाने गुणून निम्मं करा. तळाखाली 20 मिलिसेकंद म्हणजे 1500 मीटर प्रति सेकंद वेगाने 15 मीटर, 1600 ने 16. मऊ चिखलाला पहिला वेग चालतो, वाळूला जास्त धरावा लागतो. धरलेला वेग नकाशावरच लिहा.

आता तळाखालची अशी खडबडीत रेष शोधा, जिच्यावर वरचे थर टेकून संपतात आणि जिच्यापाशी खालचे थर कापलेले दिसतात. ती बहुधा जुनी उघडी जमीन. तिच्यात खळगा दिसला की लगेच नदी म्हणू नका. उभं माप ताणलेलं असल्याने साधा खड्डाही दरीसारखा भासतो, आणि जहाजाने पात्र तिरपं ओलांडलं असेल तर ते खऱ्याहून रुंद दिसतं. जहाजाच्या शेजारच्या दोन-तीन समांतर फेऱ्यांच्या नोंदींतही तोच खळगा मिळाला तरच ते जोडून पात्र म्हणा.

पाणी 30 मीटर असेल तर ध्वनी तळ आणि पृष्ठभागामध्ये दोनदा फिरल्याने साधारण 60 मीटरवर तळाचीच दुसरी प्रतिमा उमटते, उतार दुप्पट. तो थर नव्हे. किनाऱ्याजवळच्या चिखलात वायू साठलेला असला की खालचं सगळं धूसर होतं. थर तिथे संपलेले नसतात, फक्त दिसत नाहीत. ध्वनीची ताकद वाढवून सहसा उपयोग होत नाही, त्या डागाला वळसा घालून जहाजाची फेरी आखा.

वय मात्र नमुन्यावरूनच ठरवा. चिखलात ग्रॅव्हिटी कोअरर (स्वतःच्या वजनाने तळात रुतणारी नमुन्याची नळी) चालतो, वाळूत व्हायब्रोकोअरर (कंपनांनी आत शिरणारी नळी) लागतो. रेडिओकार्बनसाठी, म्हणजे किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्यासाठी, दोन्ही शिंपा अजून जोडलेल्या असलेला शिंपला निवडा. सुटे तुकडे जुन्या थरातून वाहून आलेले असू शकतात. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, म्हणून सागरी शिंपल्याच्या वयाला त्या भागाची सागरी दुरुस्ती लावावीच लागते, नाहीतर वय काही शतकं जास्त येतं. पात्राच्या तळच्या भरावात खारफुटीचं लाकूड मिळालं तर ते आधी तपासा, कारण खारफुटी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच वाढते. खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड सपाटीच्या) बाहेरच्या भागात, आज खोल पाण्यात सापडणारे चुन्याचे गोल थरदार कण उथळ पाण्याची खूण देतात. पण त्यांचं वय आतल्या-बाहेरच्या थरांची सरासरी असतं, म्हणून किनारा तिथे नेमका कधी होता ते त्यावरून सांगू नका.