ऊन-पावसात जलरंगातलं निसर्गचित्र कसं करावं

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर चित्रकार बोर्ड घेऊन बसतात ते बहुधा हिवाळ्यात. मला विचाराल तर श्रावणात जा. भिजलेला काळा दगड जांभळट दिसतो आणि दहा मिनिटांत तीनदा उजेड पालटतो.

सामान मोजकंच घ्या. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, कागद चारही बाजूंनी टेप लावून बोर्डावर बसवा, आणि असे दोन बोर्ड न्या. १२ नंबरचा गोल ब्रश, एक इंची फ्लॅट म्हणजे चपटा ब्रश, जुनं फडकं, मोठी प्लास्टिकची पिशवी. छत्री काळीच हवी. लाल छत्रीखाली कागदच लालसर दिसतो आणि सगळे रंग फसतात.

झाडाखाली बसू नका, सर थांबली तरी पानांवरून पाणी गळत राहतं. देवळाचा आडोसा बरा. खालच्या पायऱ्या तर टाळाच. वरच्या अंगाला धोम धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते.

आधी काडेपेटीएवढं कच्चं चित्र काढा: पांढरा, मधला, काळा, एवढे तीनच टोन. उजेड कुठून येतोय तिकडून बाण काढा. त्यानंतर ऊन कुठेही सरको, चित्रातला उजेड बाणाप्रमाणेच. सावल्यांच्या मागे धावलं की चित्र हातचं गेलंच म्हणून समजा.

आता आभाळ. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळले की ढगांचे हवे तेवढे करडे रंग मिळतात. खरी कसोटी पुढे आहे. मे महिन्यात बघता बघता सुकणारा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, दमट हवेत अर्धा अर्धा तास ओला राहतो, म्हणून घड्याळ न बघता कागद बघा. बोर्ड डोळ्यांसमोर आडवा धरून तिरप्या नजरेनं पाहा. पाणी आरशासारखं चकाकतंय, तोवर सोडलेला रंग पसरेल. मऊ ढग तेव्हाच करायचे. चकाकी मावळून नुसती ओल उरली की दाट रंगानं लांबचे डोंगर लावा, कडा आपोआप धूसर होतात. याच वेळी पाणचट ब्रश टेकवलात तर फुलकोबीसारखे डाग उठतात. घाट, पायऱ्या, भिंती मात्र कागद पुरता सुकल्यावरच. तोवर दुसऱ्या बोर्डावर काम सुरू करा.

सर आलीच तर बोर्ड आडवा ठेवून वर पिशवी तंबूसारखी धरा, कागदाला टेकू देऊ नका. थेंब पडले तर पुसू नका. गेल्या श्रावणात माझ्या आभाळावर चार टपोरे थेंब पडले. हात आवरला. सुकल्यावर तिथे फिकट कडी उमटली, आणि त्या चित्रातला पाऊस मला तिथेच सगळ्यात खरा वाटतो.

शेवटी गडद रंग: पायऱ्यांच्या सावल्या, एखादी धुणं धुणारी बाई, ओल्या दगडातली उभी प्रतिबिंबं. टेप घरी येऊन, कागद खडखडीत सुकल्यावर, बाहेरच्या बाजूला तिरकी ओढत काढा. ओलेपणी ओढली तर कागदाचा पापुद्रा सोबत येतो.