पडदा वर गेला की कुठे जातो?

आर्किटेक्चरच्या थिसिसला ऑपेरा हाउस घेताय? घ्या. फक्त माझं काय झालं ते आधी ऐका.

साइट नाशिकला, गंगापूर रोडवर, गोदेच्या काठी. चार महिने मी प्रेक्षागृहच काढत बसले. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या गॅलऱ्या, दगडी जिना, सगळं पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरा हाउसवरून. ज्युरीला बाहेरून आलेल्या सरांनी सेक्शनवर, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, पेन टेकवला. "पडदा वर गेला की कुठे जातो?"

"वर."

"वर तर तुझं छप्पर आहे."

एक सेमिस्टर गेलं. म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मंचाची दर्शनी चौकट 8 मीटर उंच धरा. मागचा रंगवलेला पडदाही निदान तेवढाच. तो गुंडाळायचा नसतो, सरळ वर उचलायचा असतो. म्हणजे त्याची खालची कड चौकटीच्या वर गेली पाहिजे: झाले 16 मीटर. पहिल्या रांगेतला माणूस मान वर करून चौकटीखालून आणखी वरचं बघतो, त्याच्यापासूनही पडदा लपला पाहिजे. म्हणून चौकटीच्या किमान अडीच पट, 20 मीटरवर ग्रिड, म्हणजे पडदे टांगायची जाळी. त्यावर कप्प्या, कप्प्यांची देखभाल करणाऱ्याला उभं राहायला जागा, मग छप्पर. माझं छप्पर 11 मीटरवर होतं! मंचावरचा हा उंच मनोरा शेवटी चिकटवता येत नाही. कॉलम, एलिव्हेशन, सगळं त्याच्यामागे फिरतं.

गार्निएचा फोटो नीट बघा. घुमटामागे त्याहून उंच त्रिकोणी माथा दिसतो, टोकावर अपोलो. तो अख्खा भाग मंचाचा. हा फोटो चार महिने माझ्या टेबलासमोर चिकटवलेला होता.

गाइडला दोष देऊ नका. मी दर आठवड्याला त्यांना प्लॅनच दाखवत होते, आणि प्लॅनमध्ये उंची दिसत नाही. आणि डाउनलोड केलेले सेक्शन वापरणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. (मीही तेच केलं होतं.)

घाबरू नका, हे आठवड्याभरात सुटतं. नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात प्रयोग सुटला की परवानगी काढून मागे जा. दोऱ्या सांभाळणाऱ्या काकांनी मला दहा मिनिटांत जे दाखवलं, ते पुस्तकांत वाचूनही डोक्यात शिरलं नव्हतं. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन रॉयल ऑपेरा हाउसही बघून या. 1911 ला पाचव्या जॉर्जने उद्घाटन केलं, 1993 ला बंद पडलं, दुरुस्त होऊन 2016 ला पुन्हा उघडलं.

मंचाखाली खोल खणताय? गार्निएचा पाया खणताना इतकं पाणी लागलं की शेवटी खाली टाकीच बांधावी लागली. आपल्याकडे तर शेजारी गोदावरी. आवाजाचंही तसंच: ऑपेराला घुमारा (आवाज थांबल्यावरही तो घुमत राहतो तो वेळ) साधारण दीड सेकंद चालतो, संवादांना एकच सेकंद पुरतो. नाशिकमध्ये रविवारी तिथे नाटकच लागणार, तेव्हा घुमारा कमी करायला भिंतींवर सरकते जाड पडदे ठेवा.

आणि मॉडेलमध्ये स्केलचा कागदी पडदा लावून दोऱ्याने वर ओढून बघा. माझा पहिला अजून ड्रॉवरमध्ये आहे, छपराला अडकला तिथे दुमडलेला.